डार्करूममधली चिप

३ नोव्हेंबर, सोमवार

बाबांना घेऊन अकोल्याहून आत्ताच आले. बाबांच्या उजव्या डोळ्यात पुन्हा इंजेक्शन. डाव्याचं डॉक्टरांनी आज स्पष्टच सांगून टाकलं: मधला भाग गेला, तो परत येणार नाही, कडेकडेचं तेवढं दिसत राहील. उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे पाणी साचतंय. ते इंजेक्शनांनी धरलं तर धरलं. जानेवारीत पुन्हा स्कॅन, मग कळेल. "जरा आधी यायला हवं होतं" हे त्यांनी मागच्या वेळी म्हटलं होतं. आज म्हटलं नाही, तरी मला ऐकू आलंच.

आधी म्हणजे कधी? आमच्या शेलूबाजारात कुठे असतो हा डोळ्याचा स्कॅन? चष्म्याचा नंबर वाढला म्हणून बाबा चष्म्यावर चष्मे बदलत बसले. आणि त्यांची पोरगी, म्हणजे मी, पुण्यात बसून नेमकी त्याच स्कॅनच्या मशीनची चिप काढतेय. हसावं की रडावं.

येताना जीपमध्ये बाबा म्हणाले, "मेडशी आलं का सांगजो." मेडशी आईचं माहेर; आई आता नाही. लहानपणी या रस्त्याला बाबाच खिडकीतून बोट दाखवायचे, "पाह्य, तुह्या आजोळची चिंच." आज मी सांगितलं. त्यांनी त्या दिशेला हात जोडले, पण चिंच मागे गेली होती.

६ नोव्हें., गुरुवार

डार्करूममध्ये ऑफिस थाटलंय. पुढच्या स्टुडिओत आता मोबाइलची कव्हरं विकणारा भाडेकरू आहे, दिवसभर तिथे गाणी. मागची ही खोली मात्र बाबांनी कोणाला दिली नाही. खिडकी नाही, भिंती काळ्या, डोक्यावर तोच लाल दिवा. तुरीच्या डाळीचा डबा आणि जुनं कूलर बाहेर काढलं, टेबल मांडलं. बाबांचे डोळे मार्गी लागेपर्यंत कंपनीने घरून काम करायची मुभा दिली आहे. उपकार नाहीत, तसंही सध्या वाट पाहण्यापलीकडे काम नाही. उन्हाळा संपता संपता डिझाइन पाठवलं, बाहेरदेशी चिपा बनताहेत, डिसेंबरात हातात येतील.

दुपारी बाबा दाराशी स्टूल घेऊन बसले. "हे तुही चिप बनवते तरी कशी? सोनाराच्या सारखी कोरते काय?"

म्हटलं, नाही. काचेचा एक थर असतो, त्यावर उजेड लागला की बदलणारा लेप द्यायचा. वर नक्षीचा मास्क धरायचा, निगेटिव्हसारखा. उजेड सोडायचा. मग डेव्हलपरमध्ये बुडवायचं, धुवायचं, जिथला लेप गेला तिथली काच खरवडून काढायची. उरते ती प्रकाशाची वाट.

बाबांनी मांडीवर थाप मारली. "आवं, मंग हा तं आपलाच धंदा हाय! अन् मी लोकाइले सांगून राह्यलो का पोट्टी कंपूटरमदे आहे."

इतकी वर्षं माझं काम त्यांना समजावता आलं नव्हतं. आज त्यांनी स्वतःच घेऊन टाकलं. फार बरं वाटलं.

९ नोव्हें., रविवार

सुट्टी. सगळा दिवस जुन्या गोष्टींत गेला.

ही खोली बंद केली की अजूनही हायपोचा, फोटो पक्के करायच्या रसायनाचा, वास येतो. बाबा म्हणतात, वास कसला, भिंती कधीच्या रंगवल्या. मला येतो. तिसरी-चौथीत असेन, इथे कोपऱ्यात उकिडवी बसायचे. आई पाण्याच्या टबाशी, प्रिंट धुवायला. बाबा एन्लार्जरशी, निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडायला. बोलायचं नाही, दार उघडायचं नाही. कोऱ्या कागदावर डेव्हलपरमध्ये हळूहळू कोणाच्या तरी मिशा यायच्या, मग डोळे. दर वेळी मी श्वास धरायचे.

आणि बाबांचं ते मोजणं! कागदावर उजेड किती वेळ सोडायचा, याला शहरात टायमर असायचे. बाबा मनात त्रिशरण म्हणायचे, बुद्धं सरणं गच्छामि. निगेटिव्ह विरळ असेल तर एकदा, दाट असेल तर दोनदा. ओठ हलायचे, शेवटचं गच्छामि झालं की खट्‌कन बटण बंद. विहारात वंदना चालू असताना माझ्या डोळ्यांसमोर कायम फोटो धुतले जायचे. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. शिकायला असताना पहिल्यांदा चिपा बनवायच्या क्लीनरूममध्ये गेले, तिथला दिवा पिवळा होता, लाल नव्हता, पण बाकी सगळं तेच: बोलायचं नाही, दार उघडं ठेवायचं नाही, धूळ नको. मशीनने उजेड सोडला आणि माझे ओठ आपोआप हलायला लागले. सोबतच्या मुलीला वाटलं मी घाबरले.

जेवताना कोटाची आठवण निघाली. कोणी वारलं की घरचे स्टुडिओत यायचे. माणसाचा एकट्याचा फोटोच नसायचा. मग कुठल्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून चेहरा उचलायचा, मोठा करायचा, आणि बनियनवर असला तर त्याला कोट चढवायचा. कोट एकच होता, बाबांच्या लग्नातला. शेलूपासून धनजपर्यंत निम्म्या घरांत हाराखाली तोच कोट आहे. बाबा घास हातात धरून हसत राहिले. "जित्तेपणी ज्यानं कधी चप्पल घातली नाई, त्यालेई कोट देल्ला मी."

१६ नोव्हें., रविवार

आज एक अजबच.

पुढच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी आई-बाबांचा लग्नाचा फोटो आहे. आई पांढऱ्या साडीत, बाबा तो प्रसिद्ध कोट घालून. काच पुसायला खाली काढला. हातात धरून कपाटासमोरून जात होते, तर कपाटाच्या आरशात फोटो दिसला आणि मी थांबले. आरशातली आई वेगळी होती. म्हणजे आईच होती, अगदी आई. पण भिंतीवरची नव्हती.

मग नीट पाहिलं. भिंतीवरच्या फोटोत आईचा पदर उजव्या खांद्यावर. बाबांचं घड्याळ उजव्या मनगटात, कोटाचा वरचा खिसा उजवीकडे. फोटो उलटा छापलाय! निगेटिव्ह पालथी पडली की असं होतं, हे मला पाचवीत असल्यापासून माहीत. पोट प्रकाशावर भरते मी, आणि जन्मापासून समोर टांगलेला फोटो उलटा आहे हे आज कळतं. धन्य.

"बाबा, हा फोटो उलटा हाय."

"मंग?" म्हणे. "तुले आज दिसला व्हय?"

लग्न झाल्यावर त्या आठवड्यात घाईघाईत छापला होता, स्वतःच्या स्टुडिओतला पहिला मोठा प्रिंट. फ्रेम करून आईच्या हातात दिला, तेव्हा चूक ध्यानात आली. बाबा फ्रेम फोडून दुसरा छापायला निघाले. आईने हात धरला. बाबांनी तिचे शब्द तसेच सांगितले: "राहू द्या. मी आरशात अशीच दिसतो. मले मी अशीच ठाऊक आहो. लोकाइले दिसतो ते बाई कोण हाय, मले का माईत?"

फोटो परत टांगला.

आईच्या ओठावर तीळ होता. कोणत्या बाजूला? मला वाटतं डाव्या. पण भिंतीकडे पाहिलं की गडबडते. फोटोग्राफरच्या घरात बायकोचे फोटो नसतात, ती कायम टबाशी. दुसरा फोटो आहे तो मतदान कार्डावरचा, त्यात तीळच काय, नाकही धड नाही. बाबांना विचारायचं राहिलं.

१७ नोव्हें., सोमवार

रात्री झोपेत काहीतरी टोचत होतं, सकाळी चहा न घेता लॅपटॉप उघडला.

आमची चिप मशीनच्या डबीत पालथी बसते. म्हणून तिची नक्षी पाठवताना उलटी करून पाठवायची. मी उलटी केली होती, खात्री आहे. मग फाइल निखिलकडे गेली. निखिल माझा पुण्याचा सहकारी, शेवटचा हात त्याचा. त्याला फोन लावला.

"निखिल, मास्कसाठी पाठवताना तू फ्लिप केलंस?"

"हो, अर्थात. पालथी बसणार ना ती."

"मी आधीच केलं होतं."

तो एवढंच म्हणाला, "अरे देवा."

दोनदा उलटं म्हणजे सुलटं. मास्क बनून महिने झाले, चिपा शेवटच्या टप्प्यात. आता प्रकाश जिथून आत यायचा तिथे त्याचं बाहेर पडायचं दार असेल. पालथ्याऐवजी सरळ बसवावी, तर वायरी पोचत नाहीत. निगेटिव्ह पुन्हा लावून दुसरा प्रिंट काढता येतो. इथे काहीच करता येत नाही.

दिवसभर स्वतःवर, निखिलवर, भाडेकरूच्या गाण्यांवर चिडले. बाबांवरही ओरडले, भाजीत मीठ कमी म्हणून. मग भाजी मीच केली होती हे आठवलं.

१९ नोव्हें., बुधवार

बाबांना सांगितलं. सांगावंच लागलं, कारण त्यांनी गावभर करून ठेवलंय. इंटरनेटचं कनेक्शन बघायला रफिकभाई आले होते, केबलवाले, ते म्हणाले, "चाचा तं सबको बोलते, पोरीची डोळ्याची मशीन पयले शेलूत येनार म्हणून. मेरी अम्मी का नंबर लगा देना ताई." मी हो म्हटलं. काय म्हणणार?

खरं तर योजना तशीच होती. अकोल्याच्या मशीनमध्ये एक प्रकाश दोन वाटांनी जातो, एक डोळ्यात, एक मशीनच्या आत. दोन्ही परत येऊन भेटले की ताडून बघायचं, पडद्याचा कोणता थर किती खोल, कुठे पाणी. त्यासाठी टेबल अडेल एवढा पसारा लागतो. तो सगळा मी नखाएवढ्या काचेवर बसवते. वाटा केसाहून बारीक, प्रकाश त्यांतूनच फुटतो, वळतो, भेटतो. चिप नीट निघाली असती तर हातात धरण्याएवढं मशीन झालं असतं, आणि पहिली चाचणी आमच्याकडच्या दवाखान्यात घ्यायची असं मी भांडून ठरवून घेतलं होतं. बाबांचा स्कॅन माझ्या चिपवर व्हावा, एवढंच मनात होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेवढंच होतं.

आता पुढची खेप. म्हणजे उन्हाळा, कदाचित पावसाळा. तोवर बाबांचा उजवा डोळा?

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. वाटलं हिरमुसतील. तर हसायलाच लागले. "तुही माय इतके साल उलटी टांगून हाय भित्तीवर. काई बिघडलं काय तिचं?"

"बाबा, ते वेगळं आहे."

"आहे ना वेगळं. पण उजेडाले उजवं-डावं समजते काय? ते सांग."

समजत नाही. तेच तर. प्रकाश त्या उलट्या वाटेनेही तसाच धावणार, फक्त डबीत बसणार नाही. त्यांना म्हटलं, तुम्ही गप्प बसा. बसले.

६ डिसें., शनिवार

सकाळी विहारात मेणबत्त्या. बाबांना धरून नेलं. पूर्वी आजच्या दिवशी ते कॅमेरा घेऊन सगळ्यात आधी तिथे असत, गर्दीत पाठमोरे, कधी कोणत्याच फोटोत नाहीत. आज पुढच्या रांगेत बसवलं. काडी मेणबत्तीच्या वातीला लागेना, मी हात धरला. "लागली काय?" विचारत होते. लागली होती.

१३ डिसें., शनिवार. पुणे

चिपा आल्या. दोन दिवस लॅबमध्येच. निखिल तोंड पाडून समोर, मीही फार गोड नव्हते. मग पहिली चिप सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि दोघंही भांडण विसरलो. नक्षी इतकी स्वच्छ! पहिल्यांदा डेव्हलपरमध्ये मिशा येताना पाहिल्या होत्या तसा श्वास धरला.

प्रकाश सोडला. गेला. फुटला, फिरला, भेटला. ताडून पाहिलं, थर मोजता येतात. डिझाइन बरोबर आहे. फक्त आरशातलं आहे.

साहेबांनी निर्णय दिला: ही खेप डबीत जाणार नाही, पुढची उन्हाळ्यात. ओरडले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. निखिल म्हणाला, "यातली एखादी घेऊन जा घरी. फायबर चिकटवलेली देतो." एरवी मी त्याला मूर्ख म्हणते. आज म्हटलं नाही.

२१ डिसें., रविवार

घरी. बाबा दोन आठवड्यांत बदललेत. उजव्या डोळ्याने दार वाकडं दिसतं म्हणतात, चौकट मध्ये दबल्यासारखी. मला माहीत आहे याचा अर्थ, पाणी वाढतंय. डॉक्टरांना फोन केला, म्हणाले घाबरू नका, ठरल्या दिवशी या. घाबरू नका!

चिप अजून पेटीतच. त्यांना दाखवायची म्हणून आणली, आता धीर होत नाही. दिसलीच नाही तर?

२८ डिसें., रविवार

आज दाखवली.

प्रकाश कुठून आणायचा हा प्रश्न होता. लॅबमधला आमचा प्रकाश डोळ्यांना धड दिसतही नाही, शिवाय तो लेझर घरी कोण देतो? मग रफिकभाईंची आठवण झाली. केबल कुठे तुटली ते शोधायला त्यांच्याकडे लाल लेझरचं पेन असतं, फायबरच्या टोकाला लावायचं. मागितलं तर स्वतःच घेऊन आले. चिपच्या फायबरला पेन जोडून दिलं, मी प्रकाश बाहेर पडतो त्या टोकावर काळी टेप लावली, बाबांच्या डोळ्यात सरळ काही जायला नको. रफिकभाई म्हणाले, "इत्ताला तुकडा? आन् यासाठी इत्ती पढाई?" आणि पेन सोडून दुसऱ्या कामाला गेले.

भर दुपार, पण डार्करूमचं दार लावलं की अंधारच. बाबा त्यांच्या जुन्या जागी, एन्लार्जर होता तिथे. पेन चालू केलं.

चिपवर एक बारीक लाल रेघ उजळली. सरळ गेली, दोन झाली, आणि एका वळणावर जास्तच चमकली. ते वळण माझं. जागा पुरेना म्हणून जरा आवळून काढलं होतं, तिथून प्रकाश सांडतो. खरं तर उत्तम वाट असेल तर काहीच दिसत नाही, प्रकाश आतल्या आत जातो. हे मी बाबांना सांगत बसले, उगाच. ते चिपेकडे तोंड करून बसले होते, डोळे ताणून.

"दिसते काय बाबा?"

"नाई."

मी पेन बंद करायला हात पुढे केला.

"थांब ना व माय. तुले लय घाई." मग त्यांनी मान वळवली, चिपेवरून पार दूर, दाराजवळच्या कोपऱ्याकडे. आईचा टब असायचा तिथे. तिकडे बघत राहिले. "हां," म्हणाले. "आता दिसते. तुह्या मायकडं पाह्यलं का दिसते. लाल. लकीर हाय. अन् एका जागी गोया झाल्यावानी."

गोळा म्हणजे तेच वळण. मी त्यांना वळणाचं सांगितलं होतं, पण आकार सांगितला नव्हता. सांगितला होता का? आता आठवत नाही. खूप प्रयत्न केला, आठवत नाही.

"सांडते म्हणून तं दिसलं मले," म्हणाले. "असू दे तसंच."

मला रडू फुटलं. अंधार होता म्हणून बरं. थोड्या वेळाने विचारलं, "बाबा, आईचा तीळ कोण्या बाजूले होता?"

"या बाजूले," म्हणाले, आणि हात उचलला असावा, बांगडीसारखं घड्याळ वाजलं. मला काही दिसलं नाही. पुन्हा विचारलं नाही.

४ जाने., रविवार

बाबा आता प्रत्येक गोष्टीकडे मान वळवून, बाजूला बघतात. माझ्याकडे बघायचं असलं की भिंतीकडे बघतात. भाडेकरूला वाटलं म्हातारा रागावलाय.

निखिलचा फोन. नवीन मास्कची फाइल तयार आहे. "या वेळी फ्लिप कोण करणार?" "तू," म्हटलं, "आणि मी फक्त बघणार." जुन्या चिपांचं काय करायचं, विचारत होता. म्हटलं, एक मला राहू दे. तिच्या खोक्यावर मी आईचं नाव लिहिलंय, सुमन.

९ जाने., शुक्रवार. अकोला

बाकावर बसून लिहितेय.

येताना मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. बाबा खिडकीपासून दूर, ड्रायव्हरच्या बाजूला तोंड करून. एकदम म्हणाले, "मेडशी आलं. चिंच पाह्य." मी मान वर केली. चिंच खिडकीत होती. वासावरून ओळखलं की रस्त्याच्या वळणावरून, की खरंच कडेकडेने दिसली, मी विचारलं नाही. पण या वेळी हात जोडले ते वेळेवर.

आत स्कॅन झाला. मला सोबत उभं राहू दिलं. बाबांनी हनुवटी मशीनवर टेकवली, तिथला माणूस म्हणाला, "काका, हलू नका, तिकडं हिरव्या ठिपक्याकडं पाहा." ठिपका त्यांना दिसत नसणार, तरी बाबा दगडासारखे स्थिर. फक्त ओठ हलत होते. मला कळलं ते काय मोजताहेत. मीही मनात सुरू केलं. त्यांचं दोनदा झालं तरी मशीन चालूच होतं, दाट आहे म्हणाले असते. तिसऱ्यांदा गच्छामि झालं आणि खट्‌ असा आवाज आला.

पडद्यावर चित्र उमटायला लागलं, थर दिसू लागले. ते मला वाचता येतात, तोच माझा धंदा. मी ते न वाचताच मान वळवली आणि बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते, म्हणजे भिंतीकडे.

"कसा आला?" त्यांनी विचारलं. फोटोचं विचारावं तसं.

"धुऊन होऊ द्या," म्हटलं.

अजून डॉक्टरांनी आत बोलावलेलं नाही.